भिंतीकडं सरकणाऱ्या चांदण्या

तमन्ना नदाफ कसबा बावड्यात दहावीच्या पोरींना गणित शिकवायची. पण दिवाळीचे कंदील उतरले की तिच्या ओसरीवर गणिताच्या पुस्तकांपेक्षा कागदच जास्त दिसायचा. थंडीत शाळाशाळांतून गॅदरिंगची गडबड सुरू होते. कुणाला स्टेजमागं लावायला मोठी चांदणी पाहिजे असते, कुणाला नाताळच्या नाटुकल्यासाठी कागदाचा बर्फ. कोल्हापुरात बर्फ म्हणजे गोळ्याचा, नाहीतर मासळीच्या पेटीतला. तरी शाळांना तो पडताना दाखवायचा असायचा, आणि तो पाडायचं काम बावड्याच्या या बाईंकडं यायचं.

हात तिला बापाकडनं मिळाला होता. अल्लाउद्दीन शहरात लग्नपत्रिका छापायचे आणि मोहरमच्या दिवसांत ताबुतासाठी कागदाची जाळी कातरायचे. घडी कुठं घालायची हे त्यांच्या बोटांना माहीत होतं. तमन्ना कॉलेजात गणित शिकली, तेव्हा त्या घड्या तशाच का बसतात हे तिला कळलं. म्हणून तिच्याकडं येणाऱ्या पोरी भूमिती आधी कातरीनं शिकायच्या आणि मग पेन्सिलीनं.

ती त्यांना सारख्या बाजूंचे त्रिकोण कापायला लावायची. पाच त्रिकोण एका टोकाशी चिकटवले की कागद आपोआप वर उचलायचा, वाटीसारखा. सहा चिकटवले की जमिनीवर सपाट पडायचा. सात चिकटवायला जावं तर कुठंतरी फुगायचा, कुठंतरी मुडपायचा, कसा म्हणून बसायचा नाही. "त्याला वाक म्हणून कुणी सांगितलं?" ती विचारायची. पोरी कागद उलटापालटा करून बघायच्या. "कोनांनी सांगितलं. कोन खोटं बोलत न्हाईत."

तिचं घर बावड्याच्या टोकाला होतं, जिथं गल्ली संपून उसाची रानं सुरू होतात. विटांच्या भिंती, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. ओसरी आणि एक खोली पश्चिमेला, एक खोली पूर्वेला. सासरे वारल्यावर पूर्वेच्या खोलीत सासूबाई, बिबीजान, राहायच्या. गुडघे गेल्यामुळं त्यांचा सगळा दिवस पलंगावर जायचा. पलंग पूर्वेच्या भिंतीला लावलेला होता, कारण सकाळचं ऊन बाहेरनं त्या भिंतीवर पडायचं आणि थोड्या वेळानं भिंत आतनं कोमट लागायची. थंडीत बिबीजान पाठ टेकून तिथंच बसायच्या, आणि सून कातरकाम करत खाली फरशीवर बसायची. घरात एरवी दखनी चालायची, पण बिबीजान शिरोळकडच्या होत्या. रागाला आल्या किंवा मायेला आल्या की मराठीतच बोलायच्या.

त्या भिंतीपलीकडं गणपतराव पाटलांची मोकळी जागा होती. गणपतराव आणि तमन्नाचे सासरे जन्माचे सोबती. नदाफांचं घर बांधताना गणपतरावांनी स्वतः विटा वाहिल्या होत्या. आता त्यांचा मुलगा धैर्यशील त्या जागेवर अपार्टमेंट उठवत होता. दिवाळीनंतर पत्र्याचं कुंपण पडलं, जेसीबी आला आणि तळघरातल्या पार्किंगसाठी खणाई सुरू झाली. आधी काळी माती निघाली, मग मुरूम लागला, आणि मुरमाखालनं पाणी आलं. पंचगंगेच्या अंगाची जमीन ती, खोल गेलं की पाणी ठरलेलं. खड्ड्याच्या तळाशी पंप बसला. तो पंप चालवायला आणि जागा राखायला शाहूवाडीच्या डोंगरातनं एक जोडपं आलं, आकाराम आणि त्याची बायको शालूबाई. त्यांच्यासाठी खड्ड्यातच, नदाफांच्या भिंतीच्या बरोबर खाली, पत्र्याची शेड मारून दिली. तिथं वारा लागत नव्हता, म्हणून ती जागा त्यांनीच निवडली होती.

शालूबाई रोज सकाळी पिण्याच्या पाण्याला तमन्नाच्या नळावर यायची. घागर भरेपर्यंत उंबऱ्यात बसायची आणि कागद बघायची.

"हे काय म्हणायचं, बाई?"

"बर्फ. वरून पडतो तो. जवळनं बघितला तर असा दिसतोय म्हणतात."

"तुमी बघितलाय?"

"न्हाई. हिशेबानं करतोय."

तमन्ना गोल कागदाची अर्धी घडी करायची, तिच्या तीन सारख्या घड्या, आणि त्याची परत एक. मग त्या निमुळत्या पाचरीत कातरीचे तीनचार काप. उलगडलं की सहा हातांचं पांढरं फूल. शालूबाई ते उन्हाकडं धरून बघायची आणि हसायची. तिच्या रानात भात व्हायचं, म्हणजे सगळं काम चिखलात. इतकं कोरडं पांढरं तिनं कधी हातात धरलं नव्हतं.

त्या वर्षी शहरातल्या एका शाळेनं मोठं काम दिलं होतं. स्टेजभर बर्फ आणि मधोमध त्रिकोणांची बनवलेली भली मोठी चांदणी. तमन्नानं तयार माल ठेवायला पूर्वेच्या भिंतीवर, अगदी वर पत्र्याखाली, दोन लाकडी ब्रॅकेट ठोकून घेतले आणि त्यावर आडवा बांबू टाकला. बांबूला ओळीनं दोरे. दोऱ्यांत एकाखाली एक चांदण्या, आणि वाऱ्यानं गिरक्या घेऊ नयेत म्हणून प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला एक लोखंडी नट. नट तिचा नवरा अल्ताफ फाउंड्रीतनं आणून द्यायचा. ब्रॅकेट तिनं मोजून लावले होते. चांदणीचं टोक आणि भिंत यांत दोन बोटं अंतर राहायला पाहिजे, नाहीतर चुन्यानं कागद मळतो. वरपासून खालपर्यंत सगळीकडं दोन बोटं.

थंडी त्या साली लवकर पडली. ऊसतोड झालेल्या रानांत लोक पाचट पेटवायचे आणि संध्याकाळी त्याची काळी पापुद्र्यासारखी राख गल्लीभर उतरायची. ओसरीवर वाळत टाकलेल्या पांढऱ्या कागदांवर ती येऊन बसायची. फुंकली तर उडायची, बोट लावलं तर पसरायची. तमन्नानं सगळं काम आत, पूर्वेच्या खोलीत नेलं.

तिथंच एका सकाळी तिला दिसलं, की सगळ्यात खालच्या चांदणीच्या टोकाला चुना लागलाय.

तिला वाटलं सासूबाईंचा हात लागला असेल. त्या म्हणाल्या, "मी कशाला हात लावू? मला उठाय येतंय व्हय?" मग तिला वाटलं ब्रॅकेट खाली आले असतील. अल्ताफनं रविवारी शिडी लावून ते घट्ट केले. वाकले नव्हते, पण केले, आणि बांबू थोडा पुढं ओढून बांधला. दोन बोटं अंतर परत आलं. चार दिवसांनी खालच्या चांदणीचं टोक पुन्हा भिंतीला टेकलं. आणखी काही दिवसांनी त्याच्या वरच्या चांदणीचंही टेकलं. वरच्या ओळीतल्या चांदण्या मात्र तशाच लांब होत्या.

तमन्ना खाली बसून त्या दोऱ्यांकडं बघत राहिली. दोरा वाकडा लटकत नाही. नटाच्या वजनानं तो सरळ खालीच जाणार, गवंड्याच्या ओळंब्यासारखा. दोरा भिंतीपासनं वर लांब आणि खाली जवळ दिसत असेल, तर वाकडं दुसरं काहीतरी होतं. तिनं उत्तरेच्या भिंतीपाशी, छताच्या वाशाला एक दोरा बांधून बघितला. तिथं अंतर वरखाली सारखं होतं.

मग तिनं कोपरा बघितला. जिथं उत्तरेची भिंत पूर्वेच्या भिंतीला भेटते, तिथं कपाटाच्या मागं एक चीर होती. फरशीजवळ केसाएवढी आणि पत्र्याजवळ बोट जाईल एवढी. आयुष्यभर त्रिकोण कापलेल्या बाईला ती चीर म्हणून दिसली नाही. तो एक लांब, अगदी अरुंद त्रिकोण होता. त्याचं टोक खाली जमिनीत होतं आणि वरची बाजू उघडत चालली होती.

तिनं पातळ कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि चिरेवर आडव्या चिकटवल्या, दोन्ही काठांना खळ लावून. सकाळी वरची पट्टी फाटलेली होती.

"थंडीत कागद वाळतोय. वाळला की फाटतोय," अल्ताफ म्हणाला.

तिनं नव्या पट्ट्या लावल्या, आणि तशीच एक पट्टी स्वयंपाकाच्या कोपऱ्यातल्या जुन्या, कधी न हललेल्या चिरेवरही लावली. दुसऱ्या दिवशी पूर्वेच्या पट्ट्या फाटल्या, स्वयंपाकाची तशीच राहिली. अल्ताफ कामावर जायच्या कपड्यांत बराच वेळ तिथं उभा राहिला. त्यानं भिंतीला तळवा लावला, काढला, आणि डबा घेऊन गेला. त्या दिवशी त्यानं फाउंड्रीतनं दोनदा फोन करून विचारलं, "सगळं बरं हाय नव्हं?"

तमन्ना धैर्यशीलला भेटायला कुंपणापाशी गेली. तो आणि अल्ताफ एकाच शाळेत शिकलेले. तो तिला वैनी म्हणायचा.

"वैनी, काय बी काळजी करू नकासा," तो म्हणाला. "तुमचा पाया तुमच्या जागंत हाय, माझा खड्डा माझ्या जागंत."

"व्हय, पण माती दोघांची एकच हाय."

तो हसला. वाईट माणूस नव्हता तो, घाईत असलेला माणूस होता. "सव्वीस जानेवारी झाली की आधाराची काँक्रीटची भिंत घालाय सुरवात करतोय. तोवर काय हुत न्हाई. इंजिनेर बघून गेल्यात."

"त्यांनी आमची भिंत आतनं बघितली?"

"बघतील की. पाठवतो."

ती बोलत असताना पंपाचा पाइप कुंपणाबाहेरच्या गटारीत पाणी ओकत होता. पाणी चहासारखं गढूळ होतं. तमन्नाच्या मनात आलं, की नुसतं पाणी एवढ्या रंगाचं नसतं. त्याच्याबरोबर आपल्या घराखालची बारीक माती जाते आहे, रोज, थोडी थोडी. पंप थांबत नव्हता. जेवताना, शिकवताना, अजान होताना त्याचा एकसुरी आवाज भिंतीतनं यायचा, आणि बिबीजान म्हणायच्या, भिंतीला पाठ लावली की अंगात मुंग्या येतात.

इंजिनिअर आले नाहीत. धैर्यशीलनं फोन उचलला तेव्हा दोनदा "उद्या" म्हणाला. पूर्वेच्या खोलीचं दार घासायला लागलं, मग बसेना झालं. फरशी आणि भिंत यांच्यामध्ये रेघ पडली. तमन्ना रोज ती रेघ झाडूनं साफ करायची आणि रोज तिच्यात थोडी जास्त माती मावायची.

खरी अडचण सासूबाईंची होती. त्या पलंग हलवू देईनात. "हितंच माझं माणूस गेलं. मी बी हितंच हाय," एवढंच म्हणायच्या आणि भिंतीला टेकून डोळे मिटायच्या. अल्ताफनं समजावलं, तमन्नानं समजावलं, जयसिंगपूरच्या नणंदेनं फोनवरनं समजावलं. बिबीजान ढिम्म.

शेवटी तमन्ना गणपतरावांकडं गेली. त्यांच्या मुलाचीच तक्रार त्यांच्याकडं करायची, म्हणून ती इतके दिवस टाळत होती. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, काठी घेतली आणि तिच्याबरोबर निघाला. पूर्वेच्या खोलीत येऊन त्यानं चीर बघितली. मग पलंगासमोरच्या खुर्चीवर बसला.

"वैनी, उठा," गणपतराव म्हणाले.

"भावजी, ही भिंत तुमी अन् ह्यांनी मिळून बांधलीया. पडंल म्हणून बांधली व्हती काय?"

"बांधली तवा शेजारी जमीन व्हती. आता न्हाई."

बिबीजाननी पाठीमागं हात नेऊन भिंत चाचपली.

"माझ्या पोरानं काढलीया ती," गणपतराव म्हणाले. "एवढं खोल खणू नको म्हणून मी सांगितलं, त्यानं ऐकलं न्हाई. आता तुमी तरी ऐका."

बिबीजाननी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मग पाय पलंगाखाली सोडले. गणपतरावांनी हात पुढं केला, आणि दोन म्हातारी माणसं एकमेकांना धरून पश्चिमेच्या खोलीत गेली. दुसऱ्याच दिवशी अल्ताफ आईला रिक्षानं जयसिंगपूरला बहिणीकडं सोडून आला. घरात तमन्नाला पहिल्यांदा जरा हलकं वाटलं.

पूर्वेच्या खोलीतलं सामान काढायचं चाललं होतं तेव्हा शालूबाई पाण्याला आली. तिनं घागर नळाखाली लावली आणि भांडी उचलायला हात दिला. पलंगाची रिकामी जागा बघून म्हणाली, "बरं झालं म्हातारीला न्हेलंसा. आता भिंत आत आली तरी कुणाला लागायची न्हाई."

"व्हय," तमन्ना म्हणाली.

आणि तिचा हात थांबला. समोर दोरे लटकत होते. खालच्या सगळ्या चांदण्या भिंतीवर टेकून, टोकं मुडपून बसल्या होत्या. नट भिंतीला लागून चुन्यावर काळे ठिपके पडले होते. भिंत आत येत असती, तर वरचा बांबू आत आला असता आणि दोरे भिंतीच्या पायथ्यापासनं लांब गेले असते. इथं ते जवळ आले होते. म्हणजे बांबू बाहेरच्या बाजूला सरकला होता. भिंतीचा माथा बाहेर चालला होता.

इतक्या दिवसांत तिनं भिंत हलते हे ओळखलं होतं. कुठल्या अंगाला हलते, हे समोर दिसत असून विचारात घेतलं नव्हतं. भिंत म्हटलं की आत पडणार, आपल्या माणसावर पडणार, एवढंच डोक्यात होतं.

"शालूबाई," ती म्हणाली, "तुमची शेड."

"काय झालंय शेडला?"

"भिंत आत येत न्हाई. तिकडं चाललीया. तुमच्याकडं."

शालूबाईनं घागरीकडं बघितलं. पाणी काठावरनं वाहत होतं. तिनं ते बंद केलं नाही.

दोघी खड्ड्यात उतरल्या. वरनं, खोलीत उभं राहून दिसायची ती भिंत खालनं अगदी वेगळी दिसत होती. विटांच्या खाली पायाचे दगड उघडे पडले होते, आणि त्यांच्याखालची माती खाऊन गेल्यासारखी आत गेली होती. तिथनं पाण्याची बारीक धार झिरपत होती. शेड भिंतीच्या बरोबर पायाशी होती. बाहेर चूल, दोरीवर लुगडं.

आकाराम पंपापाशी होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. सावकाश बोलणारा माणूस होता तो.

"बाई, मलाबी दिसतंय," तो म्हणाला. "दगड काल हिथवर झाकला व्हता, आज उघडा हाय. पण मालकांनी सांगितलंय, पंपाजवळनं हलायचं न्हाई. पंप बंद पडला की खड्ड्याचं तळं हुतंय, अन् मग त्यांचं काम महिनाभर मागं जातंय."

"पंप असू दे चालू. तुम्ही वर या."

"पाइपाच्या तोंडाची जाळी, फुटबॉल म्हणत्यात ती, घडीघडी गाळानं भरतीया. हातानं काढाय लागतोय."

तिनं तिथनंच धैर्यशीलला फोन लावला. त्यानं या वेळी नीट ऐकलं. आवाज जरा बदलला. "उद्या शेड हलवतो. जेसीबी दुसऱ्या साइटवर हाय, तो आला की पहिलं काम तेच. आज रातीला त्यांना वर झोपू द्या, वैनी."

शालूबाईचं सामान त्याच दिवशी तमन्नाच्या ओसरीवर आलं. दोन वाकळा, भांडी, तांदळाचं गाठोडं, ट्रंक. आकारामही रात्री ओसरीवर झोपला, पण पहाटे उठून खाली गेला. दर थोड्या वेळानं शालूबाई कुंपणाच्या फटीतनं त्याला बघून यायची. तमन्नाही जायची. तो भिंतीपासनं लांब, पंपाच्या पलीकडच्या अंगाला बसलेला असायचा, आणि तिला बघून हात वर करायचा.

दुपारपर्यंत जेसीबी आला नाही. तमन्ना पश्चिमेच्या खोलीत शाळेची मोठी चांदणी खोक्यात घालत होती. शालूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. पंपाचा आवाज अडखळला आणि थांबला. इतके आठवडे तो सारखा कानात होता, की तो गेल्यावर तमन्नाला आपलाच श्वास ऐकू आला. आकाराम फुटबॉलचा गाळ काढायला उतरला असणार, असं तिच्या मनात आलं. पाणी ओढणाऱ्या पाइपाचं तोंड भिंतीच्या बाजूला होतं.

ती उठली. तेवढ्यात पलीकडच्या खोलीत नट वाजायला लागले. वाऱ्यावर वाजावेत तसे, बारीक. वारा नव्हता. मग मोठा आवाज झाला नाही, निदान तिला तो आठवत नाही. तिला आठवतं ते एवढंच, की उघड्या दारातनं उजेड आला. पूर्वेची खोली कायम अंधारी, दिवसा दिवा लावावा लागायचा. तिथं भक्क उजेड पडला. भिंत होती तिथं आभाळ होतं, आणि पत्रा कोपऱ्यात हळूहळू खाली वाकत होता.

शालूबाई सूप टाकून पळाली.

गल्लीतली माणसं आली, शेजारच्या तालमीतली पोरं आली. वरनं अजून विटा सुटत होत्या, तरी ती सगळी हातानं ढिगारा उपसत राहिली. शेड कागद चुरगळावा तशी झाली होती. आकाराम शेडमध्ये नव्हता, तिच्या बाजूला होता, कमरेपर्यंत गाडलेला आणि शुद्धीवर. त्याच्याभोवती गढूळ पाणी चढत होतं, कारण पंप बंद होता. त्या पाण्यावर बांबूसकट खाली गेलेल्या चांदण्या तरंगत होत्या. पाणी त्याच्या छातीला लागायच्या आत कुणीतरी गोकुळच्या दूधगाडीबरोबर आलेल्या माणसांना बोलावून लोखंडी पहारी आणल्या आणि तो निघाला. डावा पाय गुडघ्याखाली चेचला होता. दवाखान्यात तो कापावा लागला.

धैर्यशील आला तेव्हा आकारामला नेलं होतं. तो खड्ड्याच्या काठावर उभा राहिला आणि तिथनं हलेना. त्याचे वडील नदाफांच्या ओसरीवर, शालूबाईच्या सांडलेल्या तांदळाजवळ बसले होते. मुलगा जवळ आला तेव्हा गणपतरावांनी मान वर केली नाही. पोलिस आले, पंचनामा झाला, काम बंद पडलं. तमन्नानं जे बघितलं ते सगळं सांगितलं, चिरेपासनं, पट्ट्यांपासनं, फोनपर्यंत. धैर्यशीलनं त्यातलं काही नाकारलं नाही. केस अजून चालू आहे.

राहिलेलं घर मोडकळीला आलं म्हणून उतरवावं लागलं. खोक्यात घातलेली मोठी चांदणी आणि उरलेला बर्फ अल्ताफनं ठरल्याप्रमाणं शाळेत नेऊन दिला. गॅदरिंग झालं. शाळेच्या बाईंनी मोबाइलवर फोटो पाठवले. तमन्नानं ते उघडले नाहीत.

आता ती जयसिंगपुरात भाड्याच्या घरात राहते. बिबीजान तिथंही भिंतीपाशी बसतात, पण पाठ टेकत नाहीत. शिकवणी परत सुरू झाली आहे.

उन्हाळ्यात ती आणि अल्ताफ एसटीनं शाहूवाडीला गेले. आकाराम दारात खाटेवर बसला होता, काठी शेजारी. त्यानं "या पावणं" म्हणून अल्ताफला खाटेवर जागा करून दिली. रानाचं, पावसाचं, नव्या पायाच्या मापाचं बोलणं झालं. शालूबाईनं तमन्नाला चुलीपाशी बसवलं. भाकरी थापत होती.

"बाई, एक इचारू?" ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "भिंत हलतीया हे तुमाला कवा कळलं?"

"डिसेंबरात."

"अन् आमी तिच्याखाली हाय, हे कवा ध्यानात आलं?"

तमन्नाला खोटं बोलता आलं असतं. तेव्हा लगेच सांगितलं, असं म्हणता आलं असतं, आणि तेही एका परीनं खरंच होतं.

"सासूबाईंना हलवल्यावर," ती म्हणाली. "तुम्ही बोलला तेव्हा."

शालूबाईनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"रोज पाण्याला येत व्हते की मी," ती म्हणाली.

"व्हय."

बाहेर आकाराम अल्ताफला काहीतरी सांगत होता आणि दोघं हसत होते. शालूबाईनं भाकरी उलटली, फुगेपर्यंत थांबली, मग ताट ओढून त्यात ती वाढली. शेजारी भाजी, मिठाची चिमूट.

"जेवा," ती म्हणाली. "एसटी चारला हाय. चुकली तर मग गाडी न्हाई."